हजार वेळा

डबीवर छापलं होतं: हजार वेळा पुसा, हजार वेळा लिहा.
सीताबर्डीच्या दुकानदारानं पावती दिली नाही,
नव्वद रुपये सुटे मागितले फक्त.

लाखांदूरच्या बसस्टँडमागे माझं दुकान.
लग्न, बारसं, मंडई, तेरवी,
शूटिंग करून मिळेल.
वर टिनाचं छप्पर. मे महिन्यात आत बसलेला माणूस
उकडत्या धानासारखा फुगतो.
त्याच फळीवर ही चकती सोळा उन्हाळे निजली.

मोजलं मी. हजार नाही, चौदा.
दर वेळी मार्करनं वर नाव घालायचो,
पुढच्या वेळी रेघ मारायचो त्यावर.
पोलीसपाटलाची मेलेली म्हैस, विम्यासाठी. खोडलं.
डोमाजी, दंडार, खैरीची मंडई. खोडलं.
कुंभरे, लग्न. खोडलं.
खोडलेलं आजही वाचता येतं.
पुसलेलं नाही.

मशीन दुरुस्त करणारा नरुले सांगायचा,
आत एक थर असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
किरणानं तो वितळतो, आणि झटक्यात गार पडला
की कण जिथल्या तिथं गोंधळून गोठतात.
ते अक्षर.
बेतानं तापवून सावकाश निवू दिलं
की रांगेत बसतात सगळे, शहाण्यासारखे.
ते कोरं.
मला वाटायचं, उलटं असेल.

डोमाजी कापगते लुगडं नेसून उभा राहिला
की मागच्या बाया उठून पुढे यायच्या,
हा पदर कसा घेतो ते बघायला.
वय तेव्हा अडुसष्ट. गुडघ्याला तेलाची पट्टी, घुंगरांखाली लपवलेली.
पहाटे म्हणाला, ‘पक्की काहाडून देजो बाबू, पोरायसाठी.’
मी म्हणालो, उद्या.

उद्या कुंभरेंकडे लग्न निघालं
आणि दुकानात एकही कोरी चकती नव्हती.
पडद्यावर दोन चौकोन: पूर्ण पुसा, अर्धा तास.
झटपट पुसा, दीड मिनिट.
लाईट जायला वीस मिनिटं होती.
मी झटपट दाबलं.

परवा त्याचा नातू आला, खेमराज,
वडशाला जेसीबी चालवतो.
‘आबाचं काही हाय का तुमच्यापाशी?
फोटोही नाही जी, आधार कार्डावरचा सोडून.’

मेलेल्या कॉम्प्युटरमधून ड्राइव्ह उचकटला.
भाचीनं कुठलंसं सॉफ्टवेअर उतरवलं, आणि सांगितलं:
मामा, झटपट म्हणजे नुसती अनुक्रमणिका फाडली तुम्ही,
पानं तिथंच होती.
पण त्या पानांवर मी नंतर अकरा वेळा लिहिलं होतं.
फक्त दंडारीइतकं लांब पुन्हा काहीच निघालं नाही,
लग्नसुद्धा एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांत आटोपलं.
उरलेली बारा मिनिटं
पार कडेला. जिथं बोटं लागतात,
जिथून चकती आधी किडते.

ड्राइव्ह कण्हला, थांबला, पुन्हा कण्हला.
बारातली चार आली.

नाच नव्हता त्यात.
चित्राचे चौकोन सांडत होते, आणि मध्येच, स्वच्छ,
मंडपामागे डोमाजी लुगडं सोडतो आहे.
निम्मा चेहरा रंगवलेला, निम्मा पुसलेला.
नऊवार कापड एकटाच घडी घालतो,
टोक हनुवटीखाली धरून, बाईमाणसासारखं.
बाहेर कुणी चोनका वाजवून बघतंय.
मग तो वर बघतो, सरळ माझ्याकडे:
‘चालूच हाय का हे अजून?’

खेमराजनं ते मोबाईलवर घेतलं,
तीनदा पाहिलं, पैसे विचारले. मी घेतले नाहीत
असं म्हणायला आवडलं असतं. पन्नास घेतले, ड्राइव्हच्या पट्ट्याचे.

चकतीवर आता नाव लिहायला जागा नाही.
शाळेत गुरुजी, शब्द चुकून खोडला
तर खाली बारीक टिंबं द्यायचे: राहू दे.
डोमाजी या अक्षरांखाली मी तशी
एक एक टिंबं देत गेलो.
मार्कर वाळत आला होता.